संपूर्ण घाटाला एकच ‘३०’चा बोर्ड : बायकवाल्यांनी नक्की काय करायचं?

सह्यवाट (पुणे), धागाकर्ता

मंडळी,

गेल्या महिन्यात मोबाइलवर चलन आलं. वेग ताशी ४६, मर्यादा ३०. फोटोत मीच आहे आणि गाडीही माझीच आहे. पैसे भरून मोकळा झालो, त्यामुळे चलन कसं चुकवायचं यासाठी हा धागा नाही हे आधीच सांगतो. घाटाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न त्या एका घाटाचा नाही. कोकणात उतरणारा, इथल्या बहुतेकांनी दहा-वीस वेळा केलेला घाट आहे एवढं पुरे.

फोटो जिथे निघालाय ती जागा मला पाठ आहे. अर्ध्या किलोमीटरचा सरळ पट्टा, डावीकडे कातळ, उजवीकडे कठडा, पुढचं वळण सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसतं. ऑक्टोबरची सकाळ होती, पावणेसात वाजले होते, रस्ता कोरडा खडखडीत आणि समोरून एकही गाडी नाही. तिथे ४६ हा गुन्हा ठरला. त्याच घाटात आणखी चार किलोमीटर खाली एक वळण आहे. उतार, आतल्या अंगाला कारवीची झुडपं, आणि वळायला लागल्यावर ते आणखी आवळत जातं. तिथे ३० ने शिरलात तरी पोटात गोळा येतो. तिथे बाणाची खूण नाही, वेगळा आकडा नाही. घाट सुरू होताना लावलेला ३० चा एक बोर्ड, तोच तिथेही लागू.

मी २००४ पासून गाडी चालवतोय. आधी स्प्लेंडर, मग पल्सर, आता हिमालयन. ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, पसरणी, कुंभार्ली, माळशेज हे घाट ऋतूंप्रमाणे केलेत. घाटात गाडी पळवायला जाणारा मी नाही. पण वळणावर गाडी हळूच कलते, बाहेर पडताना पुन्हा सरळ होते, आणि लगेच पुढचं वळण समोर येतं, ती लय मिळावी म्हणूनच मी पहाटे चारला उठतो. माझ्या आयुष्यातला तो फार मोठा आनंद आहे आणि तो सांगायला मला संकोच वाटत नाही.

चलन आल्यावर पुढच्या रविवारी मी मुद्दाम तोच घाट काटेकोर ३० ने उतरलो. चौदा किलोमीटर, अठ्ठावीस मिनिटं. एरवी सरासरी चाळीसने एकवीस मिनिटं लागतात. म्हणजे फरक सात मिनिटांचा, आणि सात मिनिटांसाठी मी भांडणार नाही. त्रास झाला तो वेगळाच. माझी नजर सारखी वेगाच्या काट्यावर होती, वळणावर नव्हती. मागे एक टँकर चिकटला तो घाट संपेपर्यंत. दोन वडाप जीप वळणावरच मला ओलांडून गेल्या, त्यातल्या एकीच्या समोर एसटी आली. त्या दिवशी मला जेवढी भीती वाटली तेवढी गेल्या दहा वर्षांत वाटली नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे. सरळ पट्ट्यावरही ३० आणि जीवघेण्या वळणावरही ३० असं लिहिलं की वाचणारा दोन्हीकडे दुर्लक्ष करायला शिकतो. जिथे २० हवेत तिथे २० लिहा, जिथे ५० चालतात तिथे ५० लिहा. तुमचे अनुभव सांगा.

वळणवेडा_ठाणे

दादा, अगदी मनातलं लिहिलंत.

आमच्याकडे कायम संशयानेच बघितलं जातं. २०१८ च्या एप्रिलमध्ये केंद्राने वेगाच्या नव्या कमाल मर्यादा काढल्या, त्या बघा. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १००, बाईकला ८०. इतर रस्त्यांवर कारला ७०, बाईकला ६०. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर तर आम्हाला प्रवेशच नाही. मग आम्ही जुन्या रस्त्याने, शिंग्रोबाच्या घाटाने चढायचं. उरलेत ते हे डोंगरातले रस्ते, आणि तिथेही ३०. चारशे सीसीची गाडी ३० वर दुसऱ्या गिअरमध्ये धड चालत नाही, गचके देते. उतारावर क्लच दाबून जायचं तर इंजिनाचा ब्रेक जातो.

माझी गाडी दोन्ही चाकांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली आहे, टायर गेल्या पावसाळ्याआधी बदललेत, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत संरक्षक कपडे घालतो. आणि ब्रेक लागतील की नाही याची खात्री नसलेल्या वीस वर्षं जुन्या टेंपोला आणि मला एकच आकडा. हे पटत नाही.

खडी_डांबर

मी रस्त्यांच्या कामात बावीस वर्षं आहे, त्यातली नऊ डोंगरी रस्त्यांवर. बाईक चालवत नाही, पण हा आकडा येतो कुठून ते सांगू शकतो.

रस्ता आखताना त्याचा डिझाइन स्पीड, म्हणजे जो वेग धरून रस्ता आखायचा तो आकडा, ठरवतात. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकांप्रमाणे राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग डोंगराळ भागातून जात असेल तर ताशी ५०, अडचण असेल तर ४०. फारच तीव्र उताराच्या भागात ४० आणि ३०. गावांना जोडणाऱ्या रस्त्यांना २५ आणि २०. हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलट दिशेला फिरवणाऱ्या वळणाला किमान २०, आणि आतली त्रिज्या किमान १४ मीटर. म्हणजे अख्ख्या घाटासाठी एकच आकडा निवडायचा असेल तर लावणारा माणूस खालचाच आकडा निवडतो. उद्या अपघात झाला तर ‘इथे ४० का लिहिलं’ असा प्रश्न विचारतात, ‘इथे ३० का लिहिलं’ असं कोणी विचारत नाही.

आता वळणाचं गणित. वळणाला बाहेरच्या अंगाने दिलेली उचल आणि टायरच्या पकडीचा धरलेला हिशेब यांची बेरीज करायची, तिला १२७ ने आणि मग त्रिज्येने गुणायचं, त्याचं वर्गमूळ म्हणजे ताशी वेग. उचल ०.०७ आणि पकड ०.१५ धरली तर ३० मीटर त्रिज्येच्या वळणाला २९ येतात. १०० मीटर त्रिज्येला ५३. एकाच घाटात ही दोन्ही वळणं शेजारी शेजारी असतात. त्यामुळे सह्यवाट यांचा मूळ मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. वळणागणिक आकडा बदलायलाच हवा.

पण त्यांच्या ‘सरळ पट्ट्या’बद्दल मला एक सांगायचंय. वेग वळणावरून जसा ठरतो तसा पुढे किती दिसतं यावरूनही ठरतो. अचानक काही समोर आलं तर थांबायला ताशी ३० ला ३० मीटर लागतात, ४० ला ४५, ५० ला ६०, ६० ला ८०. यात अडीच सेकंद डोळ्यांना दिसून हात-पाय हलेपर्यंतचे धरलेत. ६० ला त्या अडीच सेकंदांतच गाडी ४० मीटरच्या पुढे गेलेली असते. आणि रस्ता एका गाडीपुरता असेल तर समोरच्यालाही थांबायला जागा हवी, म्हणून अंतर दुप्पट.

वळणवेडा, तुमच्यासाठी एक गोष्ट. मानकात पकड ०.१५ धरली आहे ती फार जपून धरलेली आहे. कोरड्या डांबरावर चांगला टायर याच्या कितीतरी पट धरतो. म्हणून तुम्हाला वाटतं की गाडी सहज जाते, आणि ती जातेही. पण कललेल्या टायरची बरीचशी पकड वळण्यातच खर्च झालेली असते, ब्रेकसाठी थोडीच उरते. वळणाच्या मध्यावर खडी असेल, ट्रकचं डिझेल सांडलेलं असेल, तर हिशेब क्षणात बदलतो. साधं एबीएस तिथे तुम्हाला पूर्ण वाचवू शकत नाही. ते मुख्यतः सरळ ब्रेकिंगसाठी आहे.

भटकी_रमा

गणित पहिल्यांदा कळलं. खडी_डांबर, धन्यवाद. तो १२७ चा हिशेब वहीत उतरवून घेतला.

लालडबा

मी एसटीत चालक होतो. सत्तावीस वर्षं, त्यातली बरीचशी महाड, पोलादपूर, महाबळेश्वर आणि चिपळूणच्या फेऱ्यांवर. आता घरी आहे. मुलाने हा धागा वाचून दाखवला म्हणून लिहितोय.

तो २० किंवा ३० चा बोर्ड आमच्यासाठी खरा आहे हे आधी समजून घ्या. भरलेली गाडी, पन्नास माणसं, टपावर सामान असायचा तो काळ. आम्हाला शिकवलं होतं, ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर निम्म्या घाटात ब्रेक तापतात आणि मग पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. त्या गिअरमध्ये गाडीचा वेग वीस-पंचवीसच राहतो. म्हणजे बोर्डाचा आकडा बस आणि ट्रकचा आहे, तुमच्या दुचाकीचा नाही. एवढं तुमचं म्हणणं मला मान्य.

पण दुचाकीवाल्यांनो, हेअरपिनला आमची गाडी काय करते ते तुम्हाला ठाऊक नाही. बसचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, ते आतून कापत जातं. म्हणून आम्ही आधी गाडी बाहेर घेतो. तुम्हाला आतल्या बाजूला मोकळी जागा दिसते आणि तुम्ही तिथे गाडी घालता. दोन सेकंदांत ती जागा संपते. माझ्या सत्तावीस वर्षांत माझ्या हातून कोणी दगावलं नाही ही देवाची कृपा, पण आरशात दोनदा हेल्मेट दिसलं आणि मी बस जागेवर उभी केली, ते दोन्ही प्रसंग अजून रात्री आठवतात. दोघंही नंतर हात दाखवून पुढे निघून गेले.

आणखी एक. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम आहे. हल्ली उतरणारेच डिपर मारतात. आंधळ्या वळणाला हॉर्न द्यायची पद्धत गेली. गाणी कानात लावली की ऐकू तरी काय येणार?

सह्यवाट

काका, तुम्ही लिहिलंत याचा फार आनंद झाला. आतल्या बाजूने बस ओलांडायची चूक मीही पूर्वी केली आहे. तेव्हा ती चूक आहे हेच माहीत नव्हतं. हे कोणत्याही बोर्डावर लिहिलेलं नसतं आणि लायसन्सच्या परीक्षेत कोणी विचारत नाही.

पंचगंगा

मी कोल्हापूरची. आमचे घाट म्हणजे गगनबावड्याहून उतरणारे करूळ आणि भुईबावडा, शिवाय फोंडा, आंबा आणि आंबोली. आठ वर्षं चालवतेय, बहुतेक वेळा एकटी.

जुलै-ऑगस्टमध्ये गगनबावड्याला धुकं असं उतरतं की पुढच्या गाडीचा लाल दिवा दहा मीटरवर गडप होतो. कातळातून पाणी थेट रस्त्यावर येतं, कडेला शेवाळ असतं, आणि रस्त्याच्या मधली पांढरी पट्टी ओली झाली की साबणासारखी होते. तिथे मी २० नेच जाते, कुठलाही बोर्ड न बघता. जानेवारीत त्याच जागी ४५ ने जाते. दोन्ही वेळी बोर्ड तोच असतो. म्हणून मला तर दोन आकडे हवेत, एक पावसाळ्याचा आणि एक कोरड्या दिवसांचा. घाटाच्या तोंडाशी जूनमध्ये बोर्ड उलटा करायचा, ऑक्टोबरमध्ये परत सुलटा. एवढं तर होऊ शकतं.

पण एक गोष्ट इथे कोणी बोलत नाहीये, ती म्हणजे ग्रुप. एकटी असताना मी माझ्या वेगाने जाते. पंधरा गाड्यांच्या ग्रुपमध्ये शेवटून तिसरी असले की पुढचा दिसेनासा झाला म्हणून मी माझ्या मर्जीबाहेर वेग वाढवते. माझी एकमेव पडझड अशीच झाली. आंबोलीच्या खालच्या टप्प्यात, कोरड्या रस्त्यावर, नोव्हेंबरमध्ये. मनगट मोडलं, तीन महिने गाडी बंद. वेगाच्या मर्यादेचा त्यात काही संबंध नव्हता. मला मागे पडायचं नव्हतं. तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये सर्वांत नवखा माणूस दुसऱ्या क्रमांकावर असतो आणि पुढचा त्याच्या वेगाने चालतो.

दूरदेशी_नॉर्थकॅरोलायना

इथे अमेरिकेत चौदा वर्षं आहे. माझ्या घरापासून तीन तासांवर ब्लू रिज पार्कवे आहे. व्हर्जिनियातल्या शेननडोआपासून नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रेट स्मोकी पर्वतापर्यंत ४६९ मैल, म्हणजे जवळजवळ ७५५ किलोमीटर, डोंगराच्या धारेवरून जाणारा रस्ता. ट्रक आणि मालवाहू गाड्यांना पूर्ण बंदी, जाहिरातींचे फलक नाहीत. मर्यादा ताशी ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटर, काही ठिकाणी त्याहून कमी. त्याच्या उत्तर टोकाला जोडलेल्या स्कायलाइन ड्राइव्हवर तर ३५ मैल, म्हणजे ५६.

तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण इथलेही बाईकवाले याच मुद्द्यावर वैतागलेले असतात. रस्ता एवढा सुंदर, गर्दी नाही, ट्रक नाही, मग ४५ का? माझंही पहिली दोन वर्षं तेच म्हणणं होतं. नंतर लक्षात आलं की तो रस्ता कुठे लवकर पोचण्यासाठी बांधलेलाच नाही. १९३५ साली काम सुरू झालं तेव्हापासून तो डोंगर बघत जाण्यासाठीच आहे. शिवाय तिथली काही वळणं सह्यवाट यांनी सांगितलेल्या वळणासारखीच शिरल्यावर आवळत जातात. हरणं केव्हाही आडवी येतात.

इथून जवळच डील्स गॅपला यूएस १२९ वर ११ मैलांत ३१८ वळणं आहेत. बाईकवाल्यांत ‘टेल ऑफ द ड्रॅगन’ म्हणून प्रसिद्ध. मर्यादा ३० मैल, ४८ किलोमीटर. तिथे एक झाड आहे, पडलेल्या गाड्यांचे तुटलेले भाग लोक त्यावर अडकवतात. मी पहिल्यांदा ते झाड पाहिलं तेव्हा मोडलेला एक हँडल बराच वेळ बघत उभा होतो, माझ्याच गाडीच्या मॉडेलचा होता.

कामाची गोष्ट अशी. इथे मर्यादेचा बोर्ड वेगळा आणि वळणाचा सल्ला वेगळा असतो. अवघड वळणाआधी पिवळा बोर्ड, त्यावर वळणाचं चित्र आणि खाली त्या वळणासाठी सुचवलेला वेग. तो सल्ला असतो. पण दहापैकी नऊ वेळा तो खरा ठरतो, म्हणून सगळे मानतात. १५ लिहिलं असेल तर मी डोळे झाकून ब्रेक लावतो, कारण आधीच्या पन्नास बोर्डांनी मला फसवलेलं नाही.

सह्यवाट

हेच. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये मला जे नीट मांडता आलं नाही ते तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत.

वळणवेडा_ठाणे

आपल्याकडे असे पिवळे बोर्ड लावले तर मी स्वतः पहिला पाळेन.

कायद्याची_बाजू

वकिली करतो. थोडक्यात लिहितो, कारण चलनाबद्दल बरेच गैरसमज असतात.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२. केंद्राने ठरवलेल्या कमाल वेगापेक्षा कमी मर्यादा एखाद्या रस्त्यावर लावायची तर सार्वजनिक सुरक्षितता किंवा त्या रस्त्याचं स्वरूप बघून राज्य सरकार, किंवा सरकारने अधिकार दिलेला अधिकारी, राजपत्रात अधिसूचना काढतो आणि कलम ११६ प्रमाणे योग्य जागी फलक लावतो. मर्यादा महिनाभराहून जास्त काळाची नसेल तर अधिसूचना लागत नाही. म्हणजे एखाद्या घाटातला ३० चा आकडा कोणत्या अधिसूचनेने आला हे नागरिकाला विचारता येतं, माहितीच्या अधिकारातही. त्यात कुठपासून कुठपर्यंत हेही कळतं. मर्यादा संपल्याचा फलकही मानकांत आहे, तो नसेल तर मागता येतो.

कॅमेऱ्याने होणाऱ्या कारवाईसाठी २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७ अ आला. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी सूचनाफलक हवा. कलम १८३ खाली हलक्या वाहनाला दंड १००० ते २००० रुपये, हे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचं.

पण सह्यवाट, तुम्ही मर्यादा ओलांडली हे खरं असेल तर दंड भरलात ते योग्यच केलंत. बोर्ड चुकीचा वाटला म्हणून तो मोडायचा हक्क मिळत नाही. बदलून घ्यायचा हक्क मात्र मिळतो आणि तो आपण फार कमी वापरतो.

डोंगरकुशीतला

नमस्कार. मी बाईकवाला नाही. माझं घर एका घाटात आहे, रस्त्यापासून चाळीस पावलांवर. वाडीत अठरा घरं. तुम्ही कोणत्या घाटाबद्दल बोलताय ते मी ओळखलं, तुम्ही नाव लिहिलं नाही म्हणून मीही लिहीत नाही. तुमचा तो सरळ पट्टा आमच्या वाडीच्या खालीच आहे.

तुम्हाला तिथून कातळ आणि कठडा दिसला. कठडा जिथे संपतो तिथून पायवाट वर येते, ती गाडीवरून दिसत नाही कारण मध्ये करवंदीची जाळी आहे. सकाळी सात दहाच्या एसटीने वाडीतली सहा मुलं शाळेत जातात. तिथे शेड नाही, साइडपट्टी हातभर आहे, त्यामुळे ती रस्त्याला चिकटून उभी राहतात. माझी धाकटी त्यात आहे. दूधवाला पावणेसातला कॅन घेऊन त्याच वाटेने उतरतो. तुम्ही लिहिलंत पावणेसात वाजले होते आणि रस्ता रिकामा होता. त्या दिवशी असेल रिकामा.

रविवारी आठ ते अकरा मी गुरं रस्त्यापलीकडे नेत नाही. पूर्वी नेत होतो. आता गाड्यांचा लोंढा येतो, तीस-तीस, चाळीस-चाळीस. म्हैस रस्त्यात थांबली तर ती हॉर्नने हलत नाही, उलट बिथरते. मागच्या जानेवारीत दोघं पडले. एक पोरगा तेवीस-चोवीसचा असेल. आम्ही त्याला घोंगडीवर घेऊन टेंपोत घातला. त्याचा फोन वाजत होता, स्क्रीनवर ‘आई’ दिसत होतं, आणि आमच्यातला कोणी तो उचलायला धजला नाही. शेवटी माझ्या बायकोने उचलला. पोरगा वाचला, नंतर आई-वडिलांना घेऊन भेटायला आला. पण ते पाच मिनिटं वाजणं अजून कानात आहे.

बोर्ड ३० चा असो की ४० चा, आम्हाला त्यातलं काही कळत नाही. आमच्या पायवाटेपाशी गाडी हळू हवी. आवाजही. फटफट आवाजाने रात्री झोपलेली लहान पोरं दचकून उठतात, तो सायलेन्सर बदलून काय मिळतं मला खरंच कळलेलं नाही. गाड्या येऊ नयेत असं आम्ही म्हणत नाही. आमच्या तीन घरांनी चहा-भजीचं दुकान टाकलंय, ते तुमच्यावरच चालतं.

पंचगंगा

दादा, वहिनींना नमस्कार सांगा.

वळणवेडा_ठाणे

वाचून गप्प झालो. माझ्या गाडीला बाहेरून आणलेला सायलेन्सर आहे. मूळचा घरी माळ्यावर पडलाय, या आठवड्यात परत लावतो. वेगाबद्दल माझं म्हणणं अजून तेच आहे, एकच आकडा चुकीचा आहे असंच वाटतं. पण आवाजाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही.

म्युनिकहून_मी

आवाजाचा विषय निघाला म्हणून. आमच्या शेजारी ऑस्ट्रियातल्या तिरोलमध्ये, रॉयटे भागात, २०२० च्या उन्हाळ्यात ठरावीक डोंगरी रस्त्यांवर नोंदणीपत्रात उभ्या गाडीचा आवाज ९५ डेसिबलच्या वर लिहिलेल्या बाईकना बंदी आणली. मी तिथे नेहमी जायचो. गाडी कंपनीतून आली तशीच होती, तरी कागदावरचा आकडा वर होता म्हणून माझाही रस्ता बंद झाला. बाईकवाल्यांनी म्युनिकमध्ये आणि इतर शहरांत मोठी निदर्शनं केली, पण गावकऱ्यांचं दुःख खरं होतं. आपल्याकडे गोष्ट बंदीपर्यंत जाऊ नये असं मनापासून वाटतं. पावसाळ्यात गर्दीमुळे धबधब्यांच्या परिसरात जमावबंदी लागते तेव्हा नीट वागणाऱ्यांनाही घरी बसावं लागतं, ते आपण बघतोच.

सह्यवाट

डोंगरकुशीतला, तुमची पोस्ट मी चार वेळा वाचली. त्या पट्ट्यावर मी शंभरेक वेळा गेलो असेन. जाळीमागे पायवाट आहे हे मला माहीत नव्हतं. ‘पुढचं वळण पूर्ण दिसतं’ असं मी वर लिहिलंय, ते वळणापुरतंच खरं होतं. पायवाटेपाशी ३० देखील जास्त आहेत, मुलं उभी असताना तर नक्कीच.

माझं मत बदललं का? निम्मं. एकच आकडा चुकीचा आहे यावर मी ठाम आहे, आणि तुमच्या वाडीमुळे तर जास्तच. आज त्या ३० च्या बोर्डाने तुमच्या मुलांना काय दिलं? मी तिथून ४६ ने गेलो, कारण त्या आकड्यावर माझा विश्वास उडालेला होता. तिथे ‘पुढे वस्ती, शाळेची मुलं, २०’ असा बोर्ड असता तर मी २० नेच गेलो असतो. नुसता ३० मला काहीच सांगत नव्हता.

म्हणून ठरवलंय ते असं. त्या चौदा किलोमीटरची नोंद करायची. प्रत्येक वळण, पुढे किती दिसतं, कठडा कुठे तुटलाय, पाणी कुठे येतं, वस्ती आणि पायवाटा कुठे. वकीलसाहेबांनी सांगितलं तशी अधिसूचना आधी माहितीच्या अधिकारात मागवायची, मग नोंदीसकट अर्ज द्यायचा. काही जागी बोर्डावरचा वेग वाढवा असाही अर्ज असेल आणि काही जागी वेग कमी करा असाही. कोण कोण येतंय?

खडी_डांबर

मी येतो. मोजताना दोन गोष्टी सांभाळा. दिसण्याचं अंतर गाडीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून मोजायचं, उभं राहून नाही. मानकात १.२ मीटर धरतात. आणि सुट्टीच्या दिवसाचा वेग वेगळा असतो, म्हणून एक फेरी बुधवार-गुरुवारची करा. मोजलेल्या शंभर गाड्यांपैकी पंच्याऐंशी ज्या वेगाच्या आत चालतात तो आकडा काढा. मर्यादा ठरवताना अभियंते त्याचा आधार घेतात, त्यामुळे अर्जात त्याला वजन आहे. नोंदवही साधी हवी, फोनला तिथे रेंज नसते.

लालडबा

मुलाच्या गाडीवर मागे बसून येईन. बस कुठे वळताना पूर्ण रस्ता घेते त्या सात जागा मला पाठ आहेत, खडूने खुणा करून देतो.

पंचगंगा

कोल्हापूरहून आदल्या रात्री निघून साताऱ्याला मुक्काम करते. वळणवेडा, तू येणार ना?

वळणवेडा_ठाणे

येणार. मूळ सायलेन्सर लावून.

डोंगरकुशीतला

या. रविवारी येत असाल तर साडेसातच्या आत घाटात पोचा, नंतर गर्दी होते आणि मोजता येणार नाही. वरच्या देवळापाशी थांबा, मी खाली उतरून येतो. देवळानंतरच्या तिसऱ्या वळणावर बारमाही पाझर आहे, उन्हाळ्यातही तिथे हातभर ओल असते, ती दुपारी दिसत नाही. जानेवारीतली दोन्ही पोरं तिथेच घसरली होती. ते वळण पहिलं लिहा.

सह्यवाट

पावणेसातला देवळापाशी. चहा तुमच्याच दुकानात.